बिनगाण्याची दाढी

सलूनमधलं गाणं कुणी लावलेलं नसतं. ते चालूच असतं. सकाळी शटर वर जातं, तसबिरीतल्या संत सेना महाराजांना ताजा हार पडतो, उदबत्तीचा धूर आरशासमोरून तिरका निघून जातो, आणि या सगळ्याच्या मागे कुठेतरी ते सुरू झालेलं असतं. आपण आत शिरतो ते एखाद्या अंतऱ्याच्या मध्यावर आणि बाहेर पडतो ते भलत्याच गाण्याच्या मुखड्यातून. अख्खं गाणं ऐकायची तिथे सोय नाही, तशी कुणाची अपेक्षाही नसते. मला येणाऱ्या गाण्यांपैकी निम्मी तरी मधूनच पाठ आहेत, कारण ती मी खुर्चीच्या दोन हातांवर आडव्या टाकलेल्या फळीवर बसून, मान खाली घालून, मानेवर फिरणाऱ्या मशीनच्या गुदगुल्या सोसत ऐकली. त्या काळची मशीनं हातानं दाबायची असत आणि अधूनमधून केस उपटत. त्यामुळे तलत महमूदच्या आवाजातला तो प्रसिद्ध कंप माझ्या मनात आजही थोडासा दुखरा आहे. त्यात तलतचा वाटा किती आणि मशीनचा किती, हे आता वेगळं काढता यायचं नाही.

तर आमच्या सलूनवाल्या अण्णांच्या मोबाइलवर, त्यांच्या व्यवसायबंधूंच्या ग्रुपवर, एक निरोप फिरत फिरत आला. सलूनमध्ये गाणी वाजवायची तर परवाना घ्यावा लागतो, त्याचे दरवर्षी पैसे भरावे लागतात, नाहीतर कारवाई. खाली ओळीनं लाल उद्गारचिन्हं आणि हात जोडल्याची चित्रं. अण्णा माझ्या गालाला फेस लावत होते. लिहिणाऱ्या माणसाला कायद्यातलंही कळत असणार, असा त्यांचा माझ्याविषयी जुना गैरसमज आहे आणि तो दूर करण्याची मला कधी घाई झालेली नाही.

"सर, हे खरंय का हो? लताबाईंचं गाणं लागलं म्हणून मी पैसे द्यायचे?"

तोंडाभोवती फेस असताना उत्तर देता येत नाही, ही सलूनमधल्या संभाषणाची केवढी मोठी सोय आहे. मी नुसतं "हं" केलं. अण्णांनी ते आपल्या बाजूनं धरलं.

खरं म्हणजे आमच्या वयाच्या लोकांना यात धक्का बसायचं कारण नाही. आमच्या लहानपणी घरात नुसता रेडिओ ठेवायचा तरी परवाना लागे. पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरायचे, की त्या लहानशा पुस्तिकेत तिकिटं डकवून वर शिक्का मारून मिळे. आमच्याकडे ती पुस्तिका रेशनकार्डाच्या शेजारी, त्याच पत्र्याच्या पेटीत असे. वडील ती काढत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सरकारदरबारी आपलं ऐकणं नियमित करून घेतल्याचं समाधान दिसे. ऐंशीच्या दशकात हा परवाना गेला आणि ऐकणं एकदम फुकट झालं. इतकं फुकट, की फुकट नसलेलं ऐकणंही कधीकाळी होतं, हे आपण साफ विसरलो. अण्णांच्या प्रश्नातलं आश्चर्य त्या विसरण्यातून आलेलं होतं.

दाढी झाली, गालांवरून तुरटी फिरली, आणि उत्तर देणं मला भाग पडलं. मी सांगितलं, की हे नवीन काही नाही, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलंच आहे. गाणं घरात ऐकलं तर ते आपलं आपल्याशी. धंद्याच्या जागी चार लोकांना ऐकवलं की ते सार्वजनिक झालं. आणि गाणं म्हणजे एक वस्तू नाही. शब्द लिहिणाऱ्याचा हक्क वेगळा, चाल बांधणाऱ्याचा वेगळा, आणि ते ज्या कंपनीनं ध्वनिमुद्रित केलं तिचा आणखी वेगळा. शब्द आणि चाल यांचं बघायला आयपीआरएस ही संस्था, ती १९६९ सालची. ध्वनिमुद्रणांचं बघायला पीपीएल, ती त्याहून जुनी. शिवाय काही कंपन्यांची गाणी आणखी तिसरीकडे. अण्णा कपड्यावरचे केस झटकत ऐकत होते. "म्हणजे सातबाऱ्यासारखंच झालं," ते म्हणाले, "तुकडा गुंठ्याचा अन् वर नावं सतरा." मी इतका वेळ जे समजावत होतो ते त्यांनी एका वाक्यात हातावेगळं केलं.

या सगळ्याची सुरुवात पॅरिसमध्ये साखरेच्या पाण्यावरून झाली, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. १८४७ साली अर्नेस्ट बूर्जे नावाचा गीतकार शांझेलिझेवरच्या एका कॅफेत बसून साखरेचं पाणी पीत होता. समोर वाद्यवृंद वाजवत होता आणि वाजवत होता तो त्याचीच रचना. बिल आलं तेव्हा बूर्जेनं पैसे द्यायचं नाकारलं. तुम्ही माझं गाणं फुकट घेता, मग मी तुमचं पाणी फुकट पितो, हिशेब मिटला. प्रकरण कोर्टात गेलं, बूर्जे जिंकला, आणि १८५१ मध्ये त्यातूनच रचनाकारांसाठी पैसे गोळा करणारी फ्रान्सची संस्था उभी राहिली. ती अजूनही आहे. मला या गोष्टीतला बूर्जे फार आवडतो, पण त्याहून आवडतं ते साखरेचं पाणी. एवढ्या मोठ्या कायद्याच्या उगमाशी वाइन नाही, कॉफी नाही, नुसतं साखरेचं पाणी आहे. गीतकाराच्या खिशात त्या दिवशी किती पैसे असतील, असा प्रश्न मनात येतो.

आणि तिथंच माझी पंचाईत होते. अण्णांची बाजू घ्यावी असं मनापासून वाटतं, पण गाणं लिहिणाऱ्यांचे चेहरे डोळ्यांसमोर येतात. कोल्हापूरचे जगदीश खेबुडकर शाळेत शिक्षक होते. महाराष्ट्राला आयुष्यभर पुरतील इतकी गाणी देणाऱ्या माणसाला वर्गात हजेरीही घ्यावी लागत होती. सिनेमाची गाणी लिहिणाऱ्यांना आणि त्यांना चाली लावणाऱ्यांना निर्माता एकदा काय ते पैसे देई आणि विषय संपे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानंही निकाल दिला, की वेगळा करार नसेल तर असं गाणं निर्मात्याचं. त्या निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक तळटीप जोडली आणि ज्याच्या गळ्यातून गाणं येतं त्या गायकाचा कायद्यात विचारच नाही, संसदेनं तो करावा, अशी खंत त्यात मांडली. न्यायाधीशानं तळटिपेत खंत करावी, यात काहीतरी फार भारतीय आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गदिमा गेले.

पुढे १९९४ मध्ये कलावंतांना हक्क मिळाला. २०१२ मध्ये कायदा पुन्हा बदलला आणि त्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर स्वतः उभे राहिले. आता गीतकार-संगीतकाराला मानधनाचा हिस्सा लिहून टाकता येत नाही. त्यानं सही केली तरी तो त्याचाच राहतो. यातली एक गंमत मला राहून राहून हसवते. चित्रपटगृहात, भल्यामोठ्या पडद्यावर, सिनेमाबरोबर गाणं वाजलं तर त्या वाजण्याचा हा हिस्सा लागू होत नाही. तेच गाणं अण्णांच्या सलूनमध्ये, कडेला भेग गेलेल्या स्पीकरमधून वाजलं तर होतो. म्हणजे कवीचा खरा आश्रयदाता आता तीन खुर्च्यांचं सलून आहे. राजेरजवाड्यांची जागा अखेर कुणी घेतली, हा साहित्याच्या इतिहासातला प्रश्न इथं सुटतो.

आमच्या सलूनच्या भिंतीवर लताबाई आणि रफी शेजारी शेजारी आहेत, एकाच कॅलेंडरातून कापलेले. साठच्या दशकात याच प्रश्नावरून दोघांचं बिनसलं होतं. गायकांनाही रॉयल्टी मिळावी, असं लताबाईंचं म्हणणं. एकदा मोबदला घेतला की आपला संबंध संपला, असं रफींचं. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. केवढी द्वंद्वगीतं त्या अबोल्यात व्हायची राहून गेली असतील. कायद्यानं शेवटी लताबाईंचं ऐकलं. अण्णा मात्र अजून रफींच्या बाजूचे आहेत, आणि रफींचा तो सगळं देऊन टाकल्यासारखा आवाज लागला, की मलाही क्षणभर तेच पटतं.

तरी अण्णांसाठी काही पळवाट निघते का, ते मी शोधलं. इटलीतल्या ट्युरिनमध्ये एका दंतवैद्याच्या दवाखान्यात मागे संगीत चालू असे. त्याचे पैसे द्यावेत की नाहीत, हा वाद चढत चढत युरोपच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१२ मध्ये निकाल लागला, की द्यायला नकोत. कारणं वाचण्यासारखी आहेत. दंतवैद्याचे पेशंट थोडे असतात, आळीपाळीनं येतात, संगीतासाठी येत नाहीत, आणि संगीत चांगलं म्हणून कुणी जास्तीचा दात काढून घेत नाही. हे शेवटचं माझ्या शब्दांत, पण आशय तोच. मला आनंद झाला. दंतवैद्य आणि न्हावी ही तर एकाच घराण्याची माणसं. पूर्वी न्हावीच दात काढत. पण चारच वर्षांनी त्याच न्यायालयानं जर्मनीतल्या अपघातग्रस्तांच्या व्यायामोपचार केंद्रातल्या टीव्हीबद्दल उलट निकाल दिला. तिथे पैसे लागतात. म्हणजे दात दुखत असेल तर संगीत फुकट, गुडघा दुखत असेल तर विकत. केसांचं दुखणं यांपैकी कशात धरायचं, हे कुणी सांगितलेलं नाही.

मनातल्या मनात मी अण्णांचं वकीलपत्र घेतलं. मुद्दा सोपा होता: सलूनमध्ये गाणं कुणी ऐकत नाही. पण हे वाक्य मनात नीट उभं राहीना. सलूनच्या खुर्चीत माझा चष्मा काढून आरशाखालच्या फळीवर ठेवला जातो, पावडरच्या डब्याशेजारी. समोरच्या आरशात माझ्या जागी एक पांढरट धूसर ठिपका असतो. हात कापडाखाली गेलेले, मोबाइल खिशात, मान अण्णांच्या दोन बोटांच्या हुकमतीत. बोलायची सोय नाही, कारण वस्तरा ओठाशी आहे. मला सांगा, उरलं काय? कान. दिवसभरात माणसाची इतकी संपूर्ण, इतकी निमूट श्रोत्याची अवस्था दुसरीकडे कुठे होते? मैफलीत लोक घड्याळ बघतात, खोकतात, शेजाऱ्याला रागाचं नाव सांगतात. सलूनमध्ये यातलं काहीच शक्य नाही. युक्तिवाद करता करता मी अण्णांना पुरतं अडकवलं होतं. असा वकील त्यांना न मिळो.

शिवाय अण्णा स्वतःही निर्दोष नाहीत. त्यांची कात्री केसांत चालते त्याहून जास्त वेळ हवेत चालते. दोन कापण्यांच्या मधे ती रिकामीच टिचटिचत राहते, आणि मागे गाणं असलं की ही टिचटिच बरोबर लयीत पडते. दादरा असेल तर सहा, केरवा असेल तर आठ. समेवर केसांची एक बट गळून पडते. अंतरा संपून मुखडा यायचा असेल तर अण्णा हात वरच थांबवतात, मुखडा येऊ देतात आणि मग कात्री खाली आणतात. वस्तरा हातात असताना मात्र ते ताल धरत नाहीत, एवढा विवेक त्यांच्याकडे आहे. ही साथसंगत म्हणायची की केशकर्तन, आणि साथसंगत असेल तर तिचं मानधन कुणी कुणाला द्यायचं? स्कॉटलंडमधल्या एका गावच्या दुकानात २००९ साली असं घडलं होतं. परवान्याच्या भीतीनं दुकानातला रेडिओ बंद केला, म्हणून तिथली बाई मांडणीवर माल लावता लावता स्वतःच गाऊ लागली. तर यालाही परवाना लागेल, असं तिला कळवण्यात आलं. मग तिथल्या संस्थेचीच तिला दिलगिरी आली आणि वर फुलांचा गुच्छ. गुच्छ आल्यावर तिनं कोणतं गाणं म्हटलं असेल, याचं मला उगाच कुतूहल वाटत राहतं.

आपला कायदा काही बाबतींत उदार आहे. धार्मिक विधीला गाणं माफ आहे. लग्नाच्या वरातीला माफ आहे. इतकंच नाही, लग्नाशी जोडलेल्या इतर सामाजिक समारंभांनाही माफ आहे. या 'इतर'मध्ये काय काय बसतं, यावर गोव्याच्या हॉटेलांपासून उच्च न्यायालयापर्यंत बरीच खडाखडी झाली आहे. मी अण्णांना म्हटलं, लग्नाच्या सकाळी नवरदेव येतो, सोबत चार मित्र येतात, त्याची दाढी होते, चेहऱ्याला काहीबाही थापलं जातं, हा लग्नाशी जोडलेला सामाजिक समारंभ नाही तर काय? पूर्वी लग्नघरात न्हाव्याला मान होता, हक्क होता. तेव्हा नवरदेवाच्या दाढीला बिनधास्त गाणी लावा. "अन् त्याच्या शेजारच्या खुर्चीत दुसरा कुणी असला तर?" अण्णांनी विचारलं. त्याला करवला म्हणायचं, असं मी सुचवलं. श्रावणात सेना महाराजांच्या पुण्यतिथीला भजन होतं, ते तर निःसंशय माफ. आरसा, वस्तरा, हजामत यांतून अध्यात्म सांगणाऱ्या त्या संताचे शब्द कधीच सगळ्यांचे झालेले आहेत. न्हाव्यानं न्हाव्याचा अभंग लावायला कुणाची परवानगी लागणार?

पण तिथेही मेख आहे. शब्द संतांचे असले तरी चाल कुणाची? तुकोबांचे शब्द मोकळे. त्यांना श्रीनिवास खळ्यांनी दिलेली चाल मोकळी नाही. रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो. खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे २०७१ संपेपर्यंत. गीतरामायणातले गदिमांचे शब्द २०३७ अखेर मोकळे होतील, बाबूजींच्या चाली २०६२ अखेर. मधली पंचवीस वर्षं रामायण नुसतं वाचायचं. ध्वनिमुद्रणाचं गणित आणखी वेगळं, ते प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षांचं.

या वजाबाक्या करता करता मला एक संपूर्ण मोकळी जागा सापडली. 'संगीत स्वयंवर', १९१६. नाटक खाडिलकरांचं, ते १९४८ मध्ये गेले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ते १९२२ मध्ये. त्यातली बालगंधर्वांची पदं जुन्या तबकड्यांवर आहेत, त्यांचीही साठ वर्षं कधीच उलटलेली. शब्द मोकळे, चाल मोकळी, तबकडी मोकळी. मी ही बातमी घेऊन जवळजवळ धावतच सलूनमध्ये गेलो. अण्णांनी कुणाकडून तरी ती पदं मिळवलीही. दोन दिवस सलूनमध्ये रुक्मिणी कृष्णाची वाट पाहत होती. खरखरीतून येणाऱ्या त्या आवाजात, शंभर वर्षांपूर्वीचा कुणीतरी लाजत होता, आणि समोर कॉलेजची पोरं कानावरची झिरो मशीन मारून घेत होती. एक पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अण्णा, या बाई कोण?" बाई नाहीत, हे सांगायला अण्णा वळले आणि मग त्यांनी ते सांगितलंच नाही. बालगंधर्वांना याहून मोठी दाद कोणती मिळाली असती?

तिसऱ्या दिवशी रुक्मिणी गेली आणि पुन्हा रफी आले. धंदा लयीवर चालतो, अण्णा म्हणाले, आणि तान संपेपर्यंत हात धरून बसलं तर दिवसाला चार गिऱ्हाइकं कमी होतात. त्यांच्यापुरता त्यांनी निर्णय घेतला होता. पैसे भरायचे. "लिहिणाऱ्याला मिळत असतील तर भरतो," असं ते म्हणाले. मिळतात का, किती मिळतात, अण्णांनी लावलेलं नेमकं गाणं कोणतं, हे त्या लिहिणाऱ्याच्या घरापर्यंत कसं पोचतं, असे प्रश्न माझ्या तोंडाशी आले होते. तेवढ्यात फेस लागला.

पैसे भरायचे तर वसूल कसे करायचे, हा पुढचा भाग. आरशाच्या वर पत्र्याचा दरफलक आहे: साधी दाढी, फोमची दाढी, कटिंग, लहान मुलं, डोक्याची मालिश. शेवटच्या ओळीखाली थोडी जागा उरली आहे. अण्णा वस्तऱ्याची मूठ तिकडे रोखून म्हणाले, "तिथं रंगवून घेतो. गाण्यासह दोन रुपये जास्त. ज्याला नको त्यानं बिनगाण्याची करून घ्यावी."

शेजारच्या खुर्चीत एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर होते. विनातिकीट प्रवाशांचा उभ्या जन्माचा अनुभव त्यांच्या गाठीशी. ते डोळे न उघडता म्हणाले, "माझी बिनगाण्याची करा. पण यांची गाण्यासह चाललीय, ती मला ऐकू येणार. त्याचं कसं?"

अण्णांची कात्री हवेत चार मात्रा टिचटिचली.

"तुम्हाला बिनगाण्याचीच पाहिजे असेल तर सोमवारी या."

"सोमवारी दुकान बंद असतं ना?"

"म्हणून तर."